‘भोंवरा’ शब्दाचे अर्थ आणि कातळावरील आकृति

इ. स. २०२२ मध्यें कोंकणांतील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. त्या यादींत एकंदर नऊ स्थळें आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचें गोठणें हीं सात रत्नागिरी जिल्ह्यांतील होत. कुडोपी हें एक आमच्या मालवण तालुक्यांतील. आणि नववें गोव्याच्या सांगे तालुक्यांत कुशावती नदीच्या कांठीं असलेलें उसगाळीमळ, ज्याचें नांव यादींत फणसमळ असें आलें आहे. तेव्हांपासून या चित्रांविषयीं मराठींत विपुल लिहिलें जाऊं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. आचऱ्यासारख्या खेड्यांत राहणाऱ्या आम्हांसही तें लिखाण वाचावयास मिळतें, आणि ज्या सड्यांवरून लोक गुरें चारीत व गवत कापीत आले त्या सड्यांकडे पंडितांचें लक्ष गेलें याचें कौतुक वाटतें.

परंतु हें लिखाण वाचतांना एक गोष्ट मनास खटकते. दगडावर गोल गोल वळत जाणारी रेघ दिसली कीं कोणी तिला ‘भोंवरा’ म्हणतो, कोणी ‘चक्रव्यूह’, कोणी ‘सर्पिल’, कोणी ‘वेटोळें’, तर कोणी नुसतीं ‘वर्तुळें’. पुष्कळदां एकाच लेखांत एकाच आकृतीस तीन नांवें येतात. उलट परस्परांहून सर्वथा भिन्न अशा तीन आकृतींस एकच नांव मिळतें. छायाचित्र जवळ असतां नांवाची एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, छायाचित्र पाहणारा एकेक चित्र पाहतो. परंतु सूचि शब्दांनीं होते, आणि एका स्थळाची दुसऱ्याशीं तुलना सूचीवरून होते. सूचींत शब्द चुकला कीं तुलना चुकते, आणि तुलना चुकली कीं तिच्यावर रचलेला इतिहास चुकतो. शिवाय जांभा हा झिजणारा दगड आहे. पावसानें व पायांनीं रेघ पुसट होत जाईल त्या मानानें आज लिहून ठेविलेल्या वर्णनाचें मोल वाढत जाणार. सबब या नांवांचें, आणि विशेषतः त्यांतील भोंवरा या अस्सल मराठी शब्दाचें, परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) भोंवरा

भोंवरा हा शब्द संस्कृत भ्रमर, भ्रमरक यांपासून प्राकृत भमर या पायरीनें मराठींत उतरला. मधल्या मकाराचा सानुनासिक वकार होणें हें ग्राम-गांव, नाम-नांव या जोड्यांवरून सर्वांच्या परिचयाचें आहे. भ्रमर म्हणजे भुंगा हा रूढार्थ. परंतु व्युत्पत्तीनें तो भ्रमण करणारा, फिरणारा एवढाच आहे. अमरसिंहानें कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटांस भ्रमरक ही संज्ञा दिली आहे. मराठींत भोंवरा म्हणजे नदीच्या पात्रांत अगर खाडीच्या मुखाशीं गरगर फिरणारें पाणी; भोंवरा म्हणजे दोरी गुंडाळून फेंकावयाचें मुलांचें लांकडी खेळणें; आणि भोंवरा म्हणजे डोक्यावरील केसांचें तें वळण, जें दोन असल्यास मुलाचीं दोन लग्नें होतात अशी बायकांची समजूत असते. घोड्याच्या अंगावरील अशाच केसांच्या वळणांसही हेंच नांव आहे.

मोल्सवर्थ साहेबांचा कोश (दुसरी आवृत्ति इ. स. १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (इ. स. १९३२ ते १९३८) या दोन ग्रंथांचे मराठीवर जे उपकार आहेत ते फिटावयाचे नाहींत. तथापि कोशाची रीतच अशी कीं, अर्थ एकाखालीं एक मांडून त्यांस आंकडे द्यावयाचे. त्यामुळें अर्थ मोजले जातात; ते ज्या दोऱ्यांत ओवले गेले तो दोरा वाचकानें आपला आपण शोधावयाचा असतो. घाईचा वाचक तो शोधीत नाहीं. पाणी, खेळणें आणि केस यांत समान काय, तर गोलाई, असें तो ठरवितो आणि जें जें गोल वळलेलें दिसेल त्यास भोंवरा म्हणावयास मोकळा होतो. येथेंच चूक होते.

दोरा शोधावयाचा तर शब्दाचें घराणें पाहावें. भोंवणें म्हणजे गरगर फिरणें. भोंवळ म्हणजे डोकें फिरून येणारी ग्लानि. भोंवतीं व भोंवताल म्हणजे सभोंवार, जेथून फेरी घालतां येईल अशी जागा. या सर्व कुटुंबांत स्वस्थ पडून राहिलेल्या वस्तूचें नांव एकही नाहीं. सर्वत्र फिरणें आहे. व्यवहारही असेंच सांगतो. आचऱ्याच्या किनाऱ्यावर होडीचा दोरखंड गुंडाळून ठेविला तर त्यास कोणी भोंवरा म्हणत नाहीं, वेटोळें म्हणतात. ‘साप भोंवरा घालून निजला’ असें म्हणणारा मराठी मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. आणि तोच साप अगर तोच दोर पाण्यांत सांपडून गरगर फिरूं लागला तर तो ‘भोंवऱ्यांत सांपडला’ असें म्हणावयास कोणी चुकत नाहीं. आकार तोच राहून गति आली कीं शब्द बदलतो. यावरून भोंवरा हें आकाराचें नांव नसून गतीचें नांव आहे हें उघड होतें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, केसांतील भोंवरा कोठें फिरतो? फिरत नाहीं हें खरें. परंतु तेथें केस एका बिंदूपासून निघून एकाच बाजूस कलत गेलेले असतात, आणि फिरतें पाणी गोठावें तसा तो देखावा असतो. डोळ्यास गतीचा भास झाला म्हणून गतीचें नांव लागलें. फडताळांत ठेविलेलें खेळणें फिरत नसतांही भोंवराच असतें, कारण फिरणें हेंच त्याचें काम. म्हणजे लक्षणेनें भोंवरा शब्द स्थिर वस्तूस लागतो. परंतु लागतो तेव्हां ‘ही वस्तु फिरणारी आहे’ किंवा ‘ही फिरल्यासारखी दिसते’ असें विधान त्यांत दडलेलें असतें. इतिहासाच्या लेखकानें नेमकें हेंच ध्यानांत ठेवावयाचें आहे.

(२) आवर्त

संस्कृतांत या शब्दाचा जोडीदार आवर्त हा आहे. अमरसिंहानें वारिवर्गांत आवर्त म्हणजे पाण्याचें फिरणें असाच अर्थ दिला आहे. परंतु संस्कृत शास्त्रकारांनीं हा शब्द पाण्याबाहेर बराच दूर नेला. अश्वलक्षणांत घोड्याच्या अंगावरील केसांच्या वळणांस आवर्त म्हणतात. उरावर दोन, मस्तकावर दोन, रंध्र व उपरंध्र या स्थानीं दोन दोन आणि उरलेल्या दोन स्थानीं एकेक, असे दहा ध्रुवावर्त प्रत्येक घोड्यास असावयाचे असा त्या शास्त्राचा हिशेब आहे. वराहमिहिरानेंही बृहत्संहितेंत या आवर्तांवरून घोड्यांचें शुभाशुभ सांगितलें आहे. माघ कवीनें शिशुपालवधाच्या पांचव्या सर्गाच्या आरंभीं सैन्यांतील घोड्यांस समुद्रांची उपमा दिली आहे, आणि त्या श्लेषाचा एक आधार हाच कीं आवर्त घोड्यांसही असतात व समुद्रांसही असतात. श्लेष साधला याचा अर्थच असा कीं, वाचकाच्या मनांत दोन्ही अर्थ एकाच वेळीं जागे होते व ते परस्परांहून वेगळेही होते.

याहून महत्त्वाचें उदाहरण नंद्यावर्ताचें. अमरकोशांत हें एका प्रकारच्या वास्तूचें नांव आलें आहे, आणि जैनांच्या मंगलचिन्हांत ती एक प्रसिद्ध आकृति आहे. तिच्या रेघा सरळ असून कोनांत वळत वळत जातात. तिच्यांत गोलाईचें नांव नाहीं. तरी ती आवर्तच. तसेंच वैदिकांच्या पठणांत रुद्राचीं आवर्तनें होतात आणि गायकाच्या तालाचेंही आवर्तन होतें. तेथें तर डोळ्यांस दिसेल असा आकारच नसतो. यावरून आवर्ताचें मर्म ‘वृत्’ धातूंत, म्हणजे वळणें-फिरणें यांत आहे, वाटोळेपणांत नाहीं हें दिसून येईल. मात्र भोंवरा आणि आवर्त यांत एक भेद पडला आहे. शंखावर्त, अश्वावर्त, नंद्यावर्त अशा शास्त्रीय उपयोगानें आवर्त हा शब्द स्थिर आकृतीस निःशंकपणें लागूं लागला. वस्तु फिरते असा दावा त्यांत उरला नाहीं. मराठी भोंवऱ्यांत तो दावा अद्याप शिल्लक आहे.

(३) वेटोळें, चुंबळ आणि वलय

आतां दुसऱ्या घराण्याकडे वळूं. वेढणें, वेढा, वेटाळणें, वेटोळें हे शब्द गुंडाळण्याचे आहेत. किल्ल्यास वेढा पडतो, बोटांत वेढें घालतात, साप वेटोळें करून बसतो. गुंडाळण्याची क्रिया संपल्यावर जें उरतें त्याचें नांव वेटोळें. म्हणून वेटोळें स्वस्थ असतें, आणि त्यास टोंक असतें: सापाचें डोकें, दोराचा शेवट. पाणवठ्यावरून घागर आणणारी बाई डोक्यावर जी चुंबळ ठेवते तीही फडक्याची अगर गवताची गुंडाळीच. परंतु तिचीं टोंकें आंत दडपलेलीं असून मध्यें भांडें बसण्यापुरती पोकळी असते. बांगडी अगर कडें यांस वलय म्हणावें. येथें रेघ आपल्या आपणास येऊन मिळते व टोंक उरतच नाहीं.

हा भेद आमचा कल्पित नव्हे. मराठींतील जुन्यांत जुन्या थोर ग्रंथांपैकीं एक जी ज्ञानेश्वरी (शके १२१२), तींत तो पाळलेला दिसतो. सहाव्या अध्यायांत कुंडलिनीचें वर्णन करितांना ज्ञानेश्वरमहाराजांनीं तिला निजलेल्या सर्पिणीची उपमा दिली, तेव्हां ‘औट’ म्हणजे साडेतीन अशी संख्या सांगितली आणि ‘वळण’ हा शब्द योजिला. पुढें ती जागी होते तेव्हां ती ‘वेढे’ सोडते. निजलेल्या शक्तीस भोंवरा म्हणणें त्यांस सुचलें नाहीं, आणि सुचतें ना. शिवाय त्यांनीं फेऱ्यांची संख्या दिली ही गोष्टही लक्षांत घेण्यासारखी आहे. स्थिर वळणाचे फेरे मोजतां येतात. फिरत्या पाण्याचे फेरे कोणी मोजीत नाहीं.

(४) चक्रव्यूह

उसगाळीमळच्या चित्रांकडे इ. स. १९९३ मध्यें गोव्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याचे डॉ. प्रकाशचंद्र शिरोडकर यांचें लक्ष गेलें. तत्पूर्वीं तेथील लोक त्यांस गुराख्यांनीं काढलेलीं चित्रें मानीत असत. नदीकांठच्या जांभ्यावर बैल व इतर जनावरें कोरलेलीं आहेत, आणि त्यांतच ती सुप्रसिद्ध आकृति आहे जिला आज सर्रास चक्रव्यूह म्हणतात. या आकृतींत आंत जाणारी वाट एकच असते, तिला फांटे फुटत नाहींत. परंतु मध्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं ती मागें पुढें वळते, एकदां या बाजूनें तर एकदां त्या बाजूनें फेरी घेते. भूमध्य समुद्राच्या कांठच्या देशांतही या जातीच्या आकृति प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहेत.

हिला चक्रव्यूह म्हणण्यास महाभारताचा आधार आहे काय? द्रोणपर्वांत द्रोणाचार्यांनीं रचलेल्या व्यूहाचें जें वर्णन आहे त्याच्या प्रचलित पाठांत राजकुमारांस चाकाच्या आऱ्यांच्या जागीं उभें केल्याचें सांगितलें आहे. म्हणजे ग्रंथकारापुढें चाकाचें चित्र आहे: तुंबा, आरे व धांव असलेलें. नागमोडी अगर फेऱ्याफेऱ्यांची वाट तेथें नाहीं. अभिमन्यूस आंत शिरण्याची विद्या येत होती व बाहेर पडण्याची येत नव्हती, ही कथा मात्र त्या व्यूहास कोड्याचें स्वरूप देते, आणि त्या कथेमुळेंच पुढील कलाकारांनीं कोड्याची आकृति तिला जोडली. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरांत, ज्याचें काम इ. स. ११२१ च्या सुमारास सुरू झालें, अभिमन्यूच्या प्रसंगाचें जें शिल्प आहे त्यांत चक्रव्यूह अशा वळणावळणांच्या वाटेचा दाखविला आहे. याचा अर्थ हें नांव निदान आठ-नऊशें वर्षांचें जुनें आहे. आधुनिकांनीं तें आकाशांतून आणलेलें नाहीं.

परंतु होयसळांच्या शिल्पकारास ती आकृति व ती कथा एकत्र दिसली, यावरून कुशावतीच्या कांठीं दगड कोरणाऱ्या मनुष्यासही त्या दोन्ही एकत्र ठाऊक होत्या असें ठरत नाहीं. चित्राखालीं ‘चक्रव्यूह’ एवढा एक शब्द लिहिला कीं वाचणाऱ्याच्या मनांत अभिमन्यु उभा राहतो, द्रोण उभे राहतात, आणि ज्या चित्राच्या काळाविषयीं विद्वानांत अजून वाद आहे त्यास एक ठराविक काळ व एक ठराविक धर्म आपोआप मिळतो. जें प्रमाणानें सिद्ध करावयाचें तें नांवानेंच गृहीत धरलें जातें. न्यायशास्त्रांत यास साध्यसम हेत्वाभास म्हणतात.

व्यूहांच्या नांवांपुरतें बोलावयाचें तर कौटिल्य याहून सावध आहे. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत तो दंड, भोग, मंडल आणि असंहत असे चार मूळ व्यूह सांगतो. भोग म्हणजे सापाचें शरीर. त्या भोगव्यूहाचे सर्पसारी व गोमूत्रिका असे प्रकार आहेत, म्हणजे वांकडातिकडा चालणारा. आणि मंडल त्याहून स्वतंत्र, सर्व बाजूंनीं तोंडें असलेला. सापाचें चालणें व मंडलाची गोलाई हीं त्यानें एका खान्यांत घातलीं नाहींत.

(५) सर्पिल

यावरूनच तिसऱ्या शब्दाचा विचार प्राप्त होतो. सर्पिल हा शब्द गणित व ज्योतिष यांच्या परिभाषेंत रूढ झाला आहे. मराठी विश्वकोशांतही सर्पिल दीर्घिका इत्यादि प्रयोग आहेत. शास्त्राच्या पुस्तकांत रूढ झालेल्या संज्ञेवर शस्त्र धरण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु इतिहासाच्या वर्णनांत तो घेण्यापूर्वीं दोन गोष्टी विचारांत घ्याव्यात.

पहिली व्याकरणाची. फेनिल, पंकिल, पिच्छिल यांतील ‘इल’ हा प्रत्यय पाणिनीनें ‘तें ज्यांत आहे’ या अर्थीं सांगितला आहे. फेनिल म्हणजे फेंस असलेलें, पंकिल म्हणजे चिखल असलेलें. त्या न्यायानें सर्पिल म्हणजे साप असलेलें, जसें एखादें वारूळ! ‘सापासारखें’ हा अर्थ त्यांतून सरळ निघत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. ‘सापासारखें’ हा अर्थ मान्य केला तरी कोणत्या स्थितींतील साप घ्यावयाचा? चालणारा साप लाटेसारखी रेघ काढतो, आणि मराठी मनुष्यास सापाचें वळण म्हटलें कीं नागमोडी रस्ताच आठवतो. निजलेला साप वेटोळें होतो. एकाच प्राण्यानें दोन अगदीं निराळ्या आकृति दिल्या आहेत. त्यामुळें ‘दगडावर सर्पिल रेघ आहे’ या वाक्यावरून ती लाटेसारखी आहे कीं वेटोळ्यासारखी, हें वाचकास कळण्याचा मार्ग नाहीं. ज्या वर्णनावरून चित्र डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं तें वर्णन कशाचें?

येथें हेंही सांगून ठेवूं कीं, तिसऱ्या एका जातीच्या वळणास मराठींत पूर्वींपासून उत्तम शब्द आहे, तो मळसूत्र. खांबाभोंवतीं चढत जाणारी वेल, पेंचाचा आटा, मळसूत्री जिना यांत वळण घेतां घेतां उंची वाढते. सपाट कातळावर मळसूत्र असूं शकत नाहीं. तरी या एका शब्दावरून एवढें कळतें कीं, वळणांचे भेद ओळखण्यास मराठी असमर्थ नाहीं. लिहिणाराच त्यांजकडे पाहत नाहीं.

(६) एक आक्षेप

आमच्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येतो, तो टाळणें योग्य नव्हे. चकली हा शब्द चक्रापासून आला आहे. परंतु चकलीस आरे नाहींत कीं धांव नाहीं. सोऱ्यांतून पडणारी ती एकच लांब कांडी मध्यापासून फिरवीत नेलेली असते. मग लोकांनीं वळणास चक्र म्हटलें नाहीं काय? तसेंच कुंडल म्हणजे वाटोळें कर्णभूषण, त्यावरून जन्मकुंडली. आणि आपल्याकडे ती कुंडली चौकोन काढून त्यांत कर्ण ओढून मांडतात! मग शब्द आणि आकार यांचें नातें इतकें ढिलें असतां इतकी ओढाताण कशास?

आक्षेप खरा आहे, आणि त्यांतून निघणारा बोध आमच्याच बाजूचा आहे. स्वयंपाकघरांत चकली ओळखावयास तिचा बाह्य घेर पुरतो; तिची रेघ आंत कशी गेली याची चौकशी खाणाऱ्यास नको असते. कुंडलीस आकाराचें नांव मिळालें, पुढें मांडणी बदलली, नांव मात्र राहिलें. म्हणजे लोकव्यवहारांत नांव घेरावरून पडतें आणि एकदां पडलें कीं आकार बदलला तरी सुटत नाहीं. व्यवहारास तें चालतें. परंतु म्हणूनच नुसत्या नांवावरून आकार ठरवितां येत नाहीं, आणि संशोधकानें नांवावर विसंबून न राहतां रेघेचा माग घेतला पाहिजे.

(७) रेघेचा माग

तो माग घेण्यास मोठें साधन लागत नाहीं. कोरीव रेघेवर बोट ठेवावें, आणि तीन प्रश्न विचारावे. रेघेस टोंक आहे काय? नसेल तर तीं वलयें होत. एकांत एक असलीं तर एककेंद्र वलयें म्हणावें व तीं किती हें लिहावें. टोंक असेल तर दुसरा प्रश्न: मध्याकडे जातांना बोटाची दिशा कोठें उलटते काय? उलटत नसेल तर तो आवर्त. त्याचे फेरे मोजावे, ज्ञानेश्वरमहाराजांनीं अर्धा फेराही मोजला आहे. दिशा उलटत असेल तर ती फेरवाट. तिला ‘चक्रव्यूह म्हणून ओळखली जाणारी आकृति’ असें लिहावयास हरकत नाहीं, फक्त नांव नंतरचें आहे हें वाचकास कळूं द्यावें. तिसरा प्रश्न: रेघ जेथें संपते तेथें काय आहे? नुसता बिंदु, खळगा, कीं एखाद्या प्राण्याचें डोकें? डोकें असेल तर वेटोळें म्हणण्यास आधार मिळाला.

याशिवाय दिशा लिहितांना एक दक्षता घ्यावी लागते, आणि तिचा धडा शंखानें फार चांगला दिला आहे. आपल्या पूजेंतील सामान्य शंखास आपण वामावर्त म्हणतों आणि क्वचित् सांपडणाऱ्या विपरीत शंखास दक्षिणावर्त. परंतु प्राणिशास्त्रज्ञ सामान्य शंखास उजवा म्हणतात आणि आपल्या दक्षिणावर्तास डावा! दोघेही खरेंच बोलतात. त्यांनीं शंखाचें शेंडें वर धरून तोंड पाहिलें, आपण पाण्याची पन्हळ वर धरून पाहिलें. धरण्याची रीत न सांगतां नुसतें डावें-उजवें सांगण्याचा परिणाम बाजारांतही दिसतो. अमेरिकेच्या समुद्रांतील एका निराळ्याच जातीचे शिंपले केवळ त्या दिशेचे म्हणून दक्षिणावर्त शंख या नांवानें विकले जातात. खऱ्या शंखाच्या आंतील दांड्यावर ज्या तीन-चार घड्या असतात त्या त्यांस नसतात, एवढें पाहणाराही फसत नाहीं. परंतु तो नांवावर भुलून आंत पाहतच नाहीं. कातळावरील आवर्तासही हाच नियम लागू आहे. तीच रेघ बाहेरून आंत जातांना प्रदक्षिणेची असेल तर आंतून बाहेर येतांना अप्रदक्षिणेची होते. म्हणून ‘बाहेरून आंत जातांना प्रदक्षिण’ असें पूर्ण वाक्य लिहावें. नुसतें ‘उजवा आवर्त’ लिहिण्यापेक्षां कांहींच न लिहिणें बरें.

नेमक्या शब्दांनीं किती काम होतें याचें एक उदाहरण आपल्याच देशांत घडलेलें आहे. बोटांच्या टोंकांवरील रेघांस आपले सामुद्रिक जाणणारे चक्र व शंख अशीं नांवें पूर्वींपासून देत आले. मिटलेल्या वळणास चक्र, एका बाजूस मोकळ्या राहिलेल्यास शंख. त्यांनीं त्यांवरून भविष्य सांगितलें. परंतु इ. स. १८९७ मध्यें कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, आणि एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं ठशांच्या जाति ठरवून त्यांस आंकडे लावले, तेव्हां हजारों ठशांच्या ढिगांतून हवा तो ठसा काढतां येऊं लागला. रेघा त्याच होत्या. त्यांच्या वर्णनास नियम आला एवढेंच.

कोंकणच्या सड्यांवरील चित्रांची नोंद अजून चालू आहे, नवीं स्थळेंही पुढें येत आहेत. अशा वेळीं वर्णनासाठीं वलय, आवर्त व फेरवाट हे तीन शब्द राखून ठेवावे, अशी आमची सूचना आहे. भोंवरा आणि वेटोळें हे शब्द सुंदर आहेत, परंतु ते वर्णनाचे नसून अर्थनिर्णयाचे आहेत. भोंवरा म्हणणारानें ‘कोरणाऱ्यास येथें फिरणें दाखवावयाचें होतें’ असें म्हटल्यासारखें होतें, आणि वेटोळें म्हणणारानें ‘येथें गुंडाळून स्वस्थ पडलेली वस्तु आहे’ असें म्हटल्यासारखें होतें. तसें ज्यास वाटत असेल त्यानें अवश्य म्हणावें, पण त्याचीं कारणें त्याच परिच्छेदांत द्यावीं. आणि एखाद्या सड्यावरील गुराखी किंवा गवत कापणारी बाई त्या आकृतीस जें नांव देत असेल तें, शुद्ध करण्याच्या भरीस न पडतां, जसेंच्या तसें स्वतंत्र रकान्यांत टिपून ठेवावें. तें नांव चित्र कोरणाऱ्याचें नसेल. परंतु तें चित्र इतकीं वर्षें ज्यांच्या पायांखालीं सांभाळलें गेलें त्यांचें तें आहे, आणि तेवढ्यासाठींही तें इतिहासाच्या दप्तरांत असावें. इत्यलम्.